तान्ह्याच्या मानेतली गाठ

तान्ह्या बाळाच्या मानेवर गाठ दिसली, की आई-बापाच्या मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. आजी तिला गंडमाळ म्हणते, शेजारीण लेप सुचवते. नागपुरात मी लहान मुलांची सोनोग्राफी करतो. गोंदिया-गडचिरोलीहून आलेल्या घाबऱ्या आई-बापांना मी आधी सांगतो, की या वयातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.

मग त्या येतात कुठून? थायरॉइड ग्रंथी गर्भाच्या 4थ्या आठवड्यात जिभेच्या मुळाशी उगवते आणि 7व्या आठवड्यापर्यंत मानेत खाली येते. थायमस ग्रंथी मानेतून छातीत उतरते. या प्रवासात काही मागे राहिले, तर पुढे त्याची गाठ होते. म्हणून जागा हा पहिला पुरावा. मध्यभागी, गिळताना वर सरकणारी गाठ बहुधा थायरॉइडच्या वाटेवरची. बाजूची, मऊ, टॉर्चच्या उजेडात उजळणारी गाठ बहुधा लसिकावाहिन्यांची. 2-4 आठवड्यांच्या बाळाची मान कललेली आणि स्नायूतच टणक फुगवटा असेल, तर तो बहुतेकदा व्यायामाने काही महिन्यांत जिरतो.

यापुढचे काम सोनोग्राफीचे. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, बाळाला भूल लागत नाही. आत पाणी आहे की मांस, हे ती दाखवते. डॉप्लरने रक्तप्रवाह कळतो. मानेतच राहिलेला थायमस दुर्मीळ. पण काळसर पटावर चांदण्या विखुराव्यात तसे त्याचे ठिपके छातीतल्या थायमसशी जुळले, की ओळख पटते आणि अनेकदा शस्त्रक्रिया टळते.

मध्यभागची गाठ काढण्याआधी मी एक गोष्ट हमखास पाहतो: थायरॉइड आपल्या जागी आहे ना? नसेल, तर ती 'गाठ' हीच बाळाची एकुलती थायरॉइड असू शकते. ती काढली, तर जन्मभर गोळी घ्यावी लागते.

गाठ छातीत किंवा श्वासनलिकेभोवती पसरली असेल, तर एमआरआय लागतो. त्यासाठी बाळ निश्चल हवे, म्हणून अनेकदा भूल द्यावी लागते. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, तो गरजेपुरताच.

श्वासाला घरघर, दूध पिताना गुदमरणे, किंवा भराभर वाढणारी गाठ दिसली, तर मात्र लेप लावत बसू नका. त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.