कॉट बेसिसवरचे वय

जुन्नर तालुक्यातल्या मढमधून शहराकडे दोन वाटा जातात. माळशेज घाट उतरला की कल्याण आणि पुढे मुंबई; ओतूर-नारायणगावकडून गेले की चाकण, पिंपरी आणि पुणे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली भातशेती पावसावरची, त्यामुळे बारावी झालेली मुले-मुली शिकायला किंवा कामाला शहर गाठतात, ही पिढ्यांची रीत आहे. मुंबईचे डबेवालेही जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच भागांतले. शहरात उतरल्यावर सर्वांत आधी सोडवावा लागतो तो रात्री पाठ टेकण्याचा प्रश्न. भाडेकरूंना आणि मुलांना सांभाळणारे कायदे मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच करून घेतले. पण अठरा-वीस वर्षांचा, खाटेपुरती जागा घेणारा तरुण त्या दोन्हींत बसत नाही. ही फट अपघाताने राहिलेली नाही. कायद्याच्या व्याख्यांनीच ती पाडली आहे, म्हणून व्याख्या बदलूनच ती बुजवता येईल.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली, तेव्हा 1918 मध्ये भाडेवाढीला आवर घालणारा कायदा आला. पुढे 1924 मध्ये मुंबईचा बालक कायदा झाला आणि निराधार, भटक्या मुलांसाठी बाल न्यायालय व सुधारगृहांची व्यवस्था उभी राहू लागली. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळीतल्या भाडेकरूला बूड टेकायला कायम जागा दिली. या संरक्षणाचा एक लाभ कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. गिरणगावात गावकऱ्यांच्या मंडळांनी घेतलेल्या खोल्या असत. एकेका खोलीत गावचे कितीतरी पुरुष पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. भाडे गोठलेले आणि ताबा पक्का, म्हणून गावाहून नवा पोरगा आला तरी त्याला वळकटी पसरायला कोपरा मिळे. त्याच्या नावावर काही नसले, तरी खोलीचा हक्क त्यालाही सावली देत होता. गिरण्या बंद पडल्या, चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, तशी ही सावली विरत गेली.

दरम्यान कायद्याचा रोखही बदलला. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू न ठरता मालकाच्या परवानगीने, राहत होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यानंतर आलेल्यांना तो मिळाला नाही. 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. मग आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. कलम 24 नुसार मुदत संपताच लायसन्सीकडून जागा लवकर परत मिळवता येते. इथवर दोन्ही बाजूंचा विचार झालेला दिसतो. पण याच कायद्यातली ‘लायसन्सी’ची व्याख्या वाचावी. पेइंग गेस्ट त्यातून वगळला आहे. वसतिगृहात, लॉजिंगमध्ये राहणारा वगळला आहे. मालकाच्या नोकरीत असून त्याच्याच जागेत राहणाराही वगळला आहे. मढहून आलेली मुलगी पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून किंवा खासगी हॉस्टेलात राहते, मुलगा हॉटेलात काम करून तिथेच वरच्या माळ्यावर झोपतो. गरीब तरुण शहरात ज्या तऱ्हांनी राहतो, नेमक्या त्याच व्याख्येबाहेर आहेत.

दुसऱ्या बाजूला मुलांचा कायदा अठराव्या वाढदिवशी हात काढून घेतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात कलम 46 चा अपवाद आहे: संस्थेतून बाहेर पडणाऱ्या अठरा वर्षांच्या तरुणाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत देता येते. म्हणजे अठरा पूर्ण झाले की माणूस एका रात्रीत स्वावलंबी होत नाही, हे कायद्याला कळते. पण ते शहाणपण बालगृहाच्या फाटकापाशी थांबते. बालगृहाबाहेरच्या मुलांपैकी आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वयम् योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये ठरवले गेले, त्यांतले 20,000 निवासासाठी. महिन्याला हिशेब केला तर साधारण 1,667 रुपये. मदत खात्यात जमा होईपर्यंत डिपॉझिट कुठून आणायचे, याचे उत्तर योजनेत नाही. 2018 च्या जुलैत आदिवासी वसतिगृहांतले विद्यार्थी जेवणाऐवजी खात्यात पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. वाद खानावळीचा होता, पण प्रश्न मोठा होता: सोय देण्याऐवजी रोख रक्कम देऊन राज्य बाजूला होते, तेव्हा बाजारात त्या मुलाच्या बाजूने कोण उभे राहते?

यावर पहिला आक्षेप घरमालकांचा, आणि तो पोकळ नाही. 1947 च्या कायद्याने भाडी गोठली, दुरुस्त्या थांबल्या, लोक जागा भाड्याने द्यायला घाबरू लागले. पुन्हा संरक्षण आले तर खाटाही मिळणार नाहीत. पण इथे भाडे गोठवण्याची किंवा कायम ताब्याची मागणीच नाही. पावती, डिपॉझिटला मर्यादा, ते परत करण्याची मुदत, बाहेर काढण्याआधी नोटीस आणि सामान अडवून ठेवण्यास मनाई, एवढ्याने कोणा मालकाची जागा जात नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी डिपॉझिटची मर्यादा सुचवली आहेच, फक्त तो राज्यांना आपोआप लागू होत नाही. दुसरा आक्षेप असा की चार दिवसांचा पाहुणा आणि राहणारा यांत फरक कसा करणार? तो फरक कर आकारणाऱ्यांनी करून दाखवला आहे. जून 2024 मध्ये जीएसटी परिषदेने दरमहा माणशी 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या निवासाला सूट देण्याची शिफारस केली. करासाठी जो रहिवासी ठरतो, तो हक्कासाठी परका का ठरावा? तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश शहरोशहरी निघतात. ते निघावेत, पण ही चौकशी एकतर्फी आहे. शहराला भाडेकरूचा फोटो, गाव, आधार क्रमांक सगळे हवे असते, आणि हॉस्टेल कोणाचे, त्याला परवानगी आहे का, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, हे त्या मुलीला कोणी सांगत नाही.

तमिळनाडूने 2014 मध्ये महिला आणि मुलांच्या वसतिगृहांसाठी स्वतंत्र कायदा करून नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्राला त्याहून सोपी वाट मोकळी आहे. 1999 च्या अधिनियमात एक छोटे प्रकरण जोडावे: 90 दिवसांहून अधिक काळ पैसे देऊन राहणारा पेइंग गेस्ट, हॉस्टेलवासी किंवा मालकाच्या जागेत राहणारा कामगार यांना वर सांगितलेले किमान हक्क मिळावेत, आणि तक्रारीचा निकाल कलम 24 चे अर्ज ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्यानेच ठरावीक दिवसांत द्यावा. महापालिकांनी नोंदणीकृत हॉस्टेलांची यादी जाहीर करावी. या पट्ट्याचे काम पाहणाऱ्या घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने ती मुलांच्या हाती द्यावी, आणि स्वयम् योजनेतला निवासाचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच, डिपॉझिट भरण्याच्या वेळेला, द्यावा. मालकाला जागा लवकर परत मिळावी म्हणून राज्याने वेगळे प्राधिकारी नेमले, मुदती आखल्या. तीच तत्परता डिपॉझिट परत मागणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी दाखवायला नवी यंत्रणा लागत नाही, व्याख्येतल्या दोन-तीन ओळी बदलाव्या लागतात.