गुन्हेविषयक अभिलेख पाहण्याचा व दुरुस्त करवून घेण्याचा हक्क

एखाद्या व्यक्तीची अटक, तिच्यावरील आरोप, खटल्याचा निकाल व शिक्षा यांसंबंधी पोलिसांनी, न्यायालयांनी किंवा शासनाच्या अन्य खात्यांनी ठेवलेल्या नोंदींचा समुच्चय म्हणजे तिचा गुन्हेविषयक अभिलेख होय. त्यातील मजकूर त्या व्यक्तीने स्वतः पाहणे हा एक हक्क आणि तो चुकीचा, अपुरा वा बेकायदेशीर असल्यास दुरुस्त करवून घेणे हा दुसरा. पहिल्यावाचून दुसरा निरर्थक ठरतो. कारण जी नोंद पाहावयासच मिळत नाही, तिच्यातील चूक दाखविता येत नाही.

अभिलेखातील दोष मुख्यत्वे तीन प्रकारचे असतात : (१) नामसाधर्म्यामुळे किंवा खऱ्या आरोपीने दुसऱ्याचे नाव सांगितल्यामुळे झालेली ओळखीची चूक, (२) अपूर्णता आणि (३) नोंद ठेवण्याचे कारण संपल्यावरही ती तशीच राहणे. यांपैकी अपूर्णता सर्वांत घातक होय. अटकेची नोंद पोलीस ठाण्यात तत्काळ होते. निकाल मात्र न्यायालयात पुष्कळदा अनेक वर्षांनी लागतो आणि तो मूळ नोंदीपर्यंत पोहोचतोच असे नाही. अशा वेळी नोंदीतील प्रत्येक शब्द खरा असूनही निर्दोष ठरलेला मनुष्य कागदावर आरोपीच राहतो. नोकरी, पारपत्र वा परवाना मागताना त्याला याची झळ पोहोचते.

दुरुस्तीचा हक्क आणि शिक्षेचे कायदेशीर विस्मरण यांत भेद केला पाहिजे. विस्मरणात नोंद खरी असते, परंतु ठराविक काळानंतर ती व्यक्तीच्या विरुद्ध वापरू नये, असे कायदा ठरवितो. ब्रिटनचा गुन्हेगार पुनर्वसन अधिनियम (१९७४) या तत्त्वावर आधारलेला आहे. भारतात बालन्याय अधिनियम (२०१५) विधिसंघर्षग्रस्त बालकास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करतो आणि काही गंभीर प्रकरणे वगळता संबंधित अभिलेख नष्ट करण्याची तरतूद करतो.

फ्रान्स : न्यायिक अभिलेखाची पद्धतशीर व्यवस्था फ्रान्समध्ये १८५० च्या परिपत्रकाने सुरू झाली, तिची कल्पना बोनव्हिल द मार्सांझी या विधिज्ञाने १८४८ मध्ये मांडली होती. पूर्वी ही नोंद जन्मस्थानाच्या न्यायालयात ठेवीत. पुढे नांत या शहरी तिचे केंद्रीकरण झाले. अभिलेखाचे उतारे तीन प्रकारचे असतात : पहिला न्यायिक अधिकाऱ्यांसाठी, दुसरा विशिष्ट प्रशासकीय कामांसाठी आणि तिसरा, सर्वांत संक्षिप्त, केवळ संबंधित व्यक्तीसाठी. आपला संपूर्ण अभिलेख सरकारी अभियोक्त्यामार्फत पाहण्याचा हक्क व्यक्तीस आहे. मात्र त्याची प्रत तिला दिली जात नाही. हे बंधन वरवर जाचक वाटले, तरी त्यामागे संरक्षणाचा हेतू आहे. प्रत हाती असती, तर नोकरी देणाऱ्याने ती मागितली असती आणि उमेदवाराला नकार देणे कठीण झाले असते. ब्रिटनने हाच धोका वेगळ्या मार्गाने टाळला : नोकरी देण्यासाठी उमेदवारास स्वतःचा अभिलेख मागवून आणण्यास भाग पाडणे हा तेथे २०१५ पासून गुन्हा आहे.

अमेरिका : संघीय अन्वेषण विभागाकडील आपली नोंद पाहण्याची मुभा १९७३ च्या विभागीय आदेशाने नागरिकांना मिळाली. हा विभाग स्थानिक पोलिसांनी पाठविलेल्या बोटांच्या ठशांच्या आधारे अभिलेख ठेवतो. त्यामुळे चूक दाखविणाऱ्याने मूळ माहिती देणाऱ्या यंत्रणेकडे दाद मागावी, किंवा विभागाने त्याची तक्रार तिच्याकडे पाठवावी, अशी पद्धत आहे. मेनार्ड वि. सॅक्सबी (१९७४) या प्रकरणात, १९६५ मध्ये लॉस अँजेल्स येथे पकडलेल्या व कोणत्याही आरोपाविना सोडलेल्या तरुणाची नोंद विभागाच्या गुन्हेविषयक संग्रहातून काढून टाकावी, असा निर्णय कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने दिला.

यूरोप : पोलीस व न्यायिक कामांसाठी होणाऱ्या वैयक्तिक माहितीच्या वापरासंबंधी यूरोपीय संघाने २०१६ मध्ये निदेश काढला. पाहणे, दुरुस्त करवून घेणे व पुसून टाकवून घेणे हे हक्क त्यात स्पष्टपणे दिले आहेत. तपासास बाध येत असल्यास ते मर्यादित करता येतात. परंतु तेव्हाही स्वतंत्र पर्यवेक्षी प्राधिकरणामार्फत नोंदीची तपासणी करवून घेण्याचा मार्ग मोकळा राहतो. व्यक्तीला नोंद दाखविता येत नसेल, तर तिच्या वतीने ती अन्य कोणी पाहावी, हे तत्त्व यामागे आहे.

भारत : भारतात या विषयावर एकच सर्वंकष कायदा नाही, हक्काचे अंश निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. आरोपीस प्रथम खबरीची व आरोपपत्रासोबतच्या कागदपत्रांची प्रत मिळते, तसेच न्यायनिर्णयाने बाधित झालेल्या व्यक्तीस त्याची प्रत मागता येते. माहितीचा अधिकार अधिनियमाखाली (२००५) पोलिसांकडील नोंद मागता येते. मात्र तपास, अटक वा खटला यांत अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. शिवाय हा अधिनियम माहिती देण्यापुरता आहे. दुरुस्तीचा हक्क तो देत नाही. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात (२०२३) पाहण्याचा व दुरुस्तीचा हक्क नमूद आहे. परंतु गुन्ह्यांचा प्रतिबंध, शोध, अन्वेषण व खटला यांसाठी होणाऱ्या वापरास हे हक्क लागू होत नाहीत.

बोटांचे ठसे, छायाचित्रे इ. मापांसंबंधी तरतूद अधिक निश्चित आहे. बंदी ओळख अधिनियमानुसार (१९२०) पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती सुटल्यास तिची मापे नष्ट करणे किंवा तिच्या स्वाधीन करणे आवश्यक होते. त्याच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमात (२०२२) मापे ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद आहे. निर्दोष सुटलेल्यांची मापे न्यायालयाने सकारण अन्यथा आदेश दिला नसल्यास नष्ट करावयाची असली, तरी त्यासाठी नियमांनुसार विनंती करावी लागते.

पोलीस ठाण्यातील टेहळणीची नोंदवही व इतिहासपत्रक (हिस्ट्रीशीट) यांचा प्रश्न वेगळा आहे. ही कागदपत्रे गोपनीय असल्याने नाव घालण्यापूर्वी व्यक्तीस सूचना देणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मलक सिंग वि. पंजाब व हरयाणा राज्य (१९८०) या प्रकरणात ठरविले. मात्र नोंदीस वाजवी आधार हवा, असेही बजावले. अशा नोंदी सर्वांवर सारख्याच पडत नाहीत. गुन्हेगार जमाती अधिनियमाने (१८७१) जन्मावरूनच नोंद करण्याची प्रथा पाडली होती. सोलापूरसारख्या ठिकाणी अशा जमातींच्या वसाहती होत्या. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी विमुक्त जमातींवरील संशय कागदावरून पुसला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये याची दखल घेतली. केवळ मागास वा विमुक्त समाजातील जन्मामुळे निरपराध व्यक्तींची नावे इतिहासपत्रकात यांत्रिकपणे येऊ नयेत, असे त्याने बजावले आणि दिल्लीत वरिष्ठ अधिकाऱ्याने या पत्रकांची वेळोवेळी तपासणी करावी, असा निदेश दिला.

नोंद न पाहता तिच्याबद्दल उत्तर देण्याची सक्ती हे या विषयाचे व्यावहारिक मर्म होय. सरकारी नोकरीच्या पडताळणीपत्रात अटक, खटला व शिक्षा यांची खरी माहिती दिली पाहिजे, असे अवतार सिंग वि. भारत सरकार (२०१६) या निर्णयात म्हटले आहे. परंतु माहिती दडविल्याचा ठपका ठेवण्यासाठी ती त्या व्यक्तीस ज्ञात असणे आवश्यक आहे, हेही त्यातच मान्य केले आहे. पोलीस ठाणी संगणकाने जोडणारा प्रकल्प २००९ मध्ये मंजूर झाल्यापासून एका ठाण्यातील चुकीची नोंद दूरवर पोहोचू शकते. दुरुस्ती मात्र अद्याप मूळ ठाण्यातूनच व्हावी लागते किंवा उच्च न्यायालयाकडे रिट अर्ज करावा लागतो. म्हणून सुटकेच्या निकालपत्राची प्रमाणित प्रत जपून ठेवणे आणि ती जोडून नोंद अद्ययावत करण्याचा लेखी अर्ज मूळ ठाण्यास देणे, हा सामान्य नागरिकाच्या हातचा पहिला उपाय ठरतो.