लक्ष्याच्या समोर कोण उभं होतं?

डिसेंबर जवळ आला की मला दोन-तीन फोन हमखास येतात. लक्ष्यावर लिहा, पाचशे शब्द पुरे, जरा हळवं असलं तर उत्तम. पाचशे शब्दांत लक्ष्या मावत नाही, आणि हळवं लिहायला गावात इतर पुष्कळ मंडळी आहेत. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेला. वय पन्नास. त्याला जाऊन वीस वर्षं उलटली, आणि या काळात त्याच्या मित्रांनी, दिग्दर्शकांनी, सहकाऱ्यांनी त्याच्याबद्दल जे लिहिलं-सांगितलं ते मी चिकाटीनं वाचत, ऐकत, कापून ठेवत आलो. यंदा संपादकांनी जागा सढळ हातानं दिली आहे, तेव्हा त्या कात्रणांचा हिशेब एकदाचा मांडतो.

हिशेब फारसा सुखाचा नाही. दहातल्या आठ कात्रणांत मजकूर एकच: माणूस दिलदार होता, सेटवर सगळ्यांना हसवायचा, आत कुठेतरी दुःख होतं. यातलं काहीही मी नाकारत नाही. पण हे वर्णन आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारालाही लागू पडतं. लक्ष्या काम कसं करायचा, हे कुणी सांगायचं?

सगळ्यात जास्त फिरलेला किस्सा एक रुपयाचा. महेश कोठारेंनी त्याला ‘धूमधडाका’साठी एक रुपया हातावर ठेवून करारबद्ध केलं, तो. कोठारेंनी तो रंगवून सांगावा आणि आपण ऐकावा. त्यातून कोठारेंचं धाडस कळतं, लक्ष्याचा विश्वास कळतो. पण १९८५च्या त्या चित्रपटात त्यानं नेमकं काय केलं, ते किश्शाच्या बाहेरच राहतं. ती भूमिका मुळात तमिळमध्ये नागेशनं केलेली, हिंदीत ‘प्यार किये जा’मध्ये मेहमूदनं. सिनेमाचं वेड लागलेला मुलगा आणि वैतागलेला बाप. मेहमूदसमोर ओमप्रकाश होते, म्हणून मेहमूद उंच गेला. लक्ष्यासमोर शरद तळवलकर होते. तळवलकरांनी काय केलं, तर ऐकलं. मराठीत ऐकणारे नट किती कमी, हे नाटकं पाहणाऱ्यांना सांगायला नको. मुलगा बडबडतोय आणि बापाच्या चेहऱ्यावर ती बडबड उमटत जातेय; आपण हसतो ते अर्धं त्या चेहऱ्याला. गेल्या वीस वर्षांतल्या एकाही श्रद्धांजलीत मला तळवलकरांचं नाव या संदर्भात सापडलं नाही.

हे माझं जुनं तुणतुणं आहे, ठाऊक आहे मला. विनोदी नटाची आठवण त्याच्या समोर उभं राहून न हसणाऱ्याला विचारावी, असं मी १९९०पासून ओरडतो आहे. एका ज्येष्ठ समीक्षकांनी त्यावर ‘पडेल नटांचा कैवारी’ अशी माझी संभावना केली होती. हेच गृहस्थ तेव्हा लक्ष्याच्या नाटकांना माकडचेष्टा म्हणायचे. हल्ली त्याच्या स्मृतिदिनाला व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत असतात. असो.

माझं सगळं प्रेम आहे ते सुधीर जोशींवर. ‘शांतेचं कार्टं चालू आहे’ मी किती वेळा पाहिलं, ते घरच्यांसमोर सांगायची सोय नाही. त्यातल्या दोन प्रयोगांना मी शिवाजी मंदिरात शाळकरी वही घेऊन बसलो होतो. साधा हसा आला की उभी रेघ, थिएटर कोसळलं की गोल. पहिला अंक संपला तेव्हा पाहिलं, तर लक्ष्याच्या वाक्यांना रेघाच रेघा होत्या, आणि गोल बहुतेक सगळे त्याच्या पुढच्या क्षणाला पडले होते. त्या क्षणाला सुधीर जोशींना वाक्य नसायचं. ते नुसते बघायचे. अंगानं भरलेला, नीटनेटक्या कपड्यातला, सभ्य गृहस्थ. समोरून आलेला आचरटपणा आपल्याला नीट ऐकू आला का, याची जणू स्वतःशीच खातरजमा करतोय. हसा वर चढायचा, उतरणीला लागायचा, आणि पूर्ण विझायच्या आत लक्ष्या पुढचं वाक्य टाकायचा. विझू दिलं तर पुन्हा शून्यातून पेटवावं लागतं, आणि चढतीवर बोललं तर वाक्य वाया जातं. हे नेमकं कधी, ते शिकवता येत नाही. दुसऱ्या प्रयोगाला थिएटर थंड होतं, शेवटच्या रांगा रिकाम्या. त्या दिवशी लक्ष्यानं वेग वाढवला आणि जोशींनी आपला ठेका तसूभर हलू दिला नाही. वहीत रेघा कमी, पण गोल जवळजवळ तेवढेच. ती वही अजून माझ्याकडे आहे, वाळवीनं एक कोपरा खाल्लाय.

आता ‘बनवाबनवी’ घ्या. १९८८चा चित्रपट, आज ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता त्यांना तोंडपाठ. धनंजय मान्यांचा पत्ता विचारत लक्ष्याचा परश्या सरपोतदारांपुढे उभा राहतो, तो प्रश्न आता लग्नपत्रिकेपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे चिकटवतात. चित्रात फक्त विचारणारा. ज्याला विचारलं, ते सुधीर जोशी कापून टाकलेले. लक्ष्यानंतर वर्षभरात, डिसेंबर २००५मध्ये, जोशीही गेले. लक्ष्याच्या टायमिंगबद्दल सगळ्यात जास्त ज्याला ठाऊक होतं, त्याला आम्ही कुणी सविस्तर विचारलंच नाही. मीही नाही. वही होती, वेळ होता, ओळख होती, राहून गेलं.

हिंदीचं पर्व मी दोन ओळींत उरकणार. ‘मैंने प्यार किया’, ‘साजन’, ‘हम आपके हैं कौन’: पैसा मिळाला, देशभर चेहरा पोचला, आणि समोर ऐकणारं कुणी नव्हतं. झालं.

‘एक होता विदूषक’बद्दल मात्र भांडायचं आहे. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पुलंचं लेखन, महानोरांची गाणी, आनंद मोडकांचं संगीत, १९९२ साल, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. चित्रपट मोठा, लक्ष्याचा आबुरावही मोठा. पण प्रत्येक स्मृतिलेखात हे वळण येतंच: “इथे त्यानं सिद्ध केलं की तो खरा अभिनेता होता.” म्हणजे आधीची दहा वर्षं तो काय दळण दळत होता? रडवलं की अभिनय आणि हसवलं की ‘देणगी’, ही आपली सोवळी वर्गवारी. दामूअण्णा मालवणकरांना हेच ऐकावं लागलं. भानुविलासच्या खिडकीत बसून स्वतःच्याच ‘लाखाची गोष्ट’ची तिकिटं विकणाऱ्या राजा गोसावींचाही हा किस्साच तेवढा उरला, काम नाही. प्रेक्षकांनी आबुरावकडे पाठ फिरवली याचं लक्ष्याला वाईट वाटलं असेल, वाटणारच. म्हणून त्याच्या मित्रांनी त्याची बाकीची कमाई कमी लेखायचं कारण नाही.

त्यापेक्षा पुढच्याच वर्षीचा ‘झपाटलेला’ पुन्हा पाहा. समोर तात्या विंचू, रामदास पाध्यांचा बाहुला. बाहुला नजर देत नाही, क्यू देत नाही, थांबत नाही. आणि इथे लक्ष्या जे करतो, ते चक्क सुधीर जोशींचं काम आहे! गंमत आणि दहशत बाहुल्याकडे, आणि ती खरी वाटायला लावणारा चेहरा लक्ष्याचा. त्या चित्रपटाबद्दल पाध्ये बोलू लागले की मी सगळं बाजूला ठेवून ऐकतो, कारण तो माणूस हात, नजर आणि कॅमेरा यांच्या भाषेत बोलतो. अशोक सराफांचं ‘मी बहुरूपी’ही मी याच आशेनं वाचलं, आणि लक्ष्यासाठी त्यांच्याकडून आणखी शंभर पानं मागावीत असं वाटलं. ती मागणी इथे जाहीरपणे नोंदवतो. मामा, मनावर घ्या.

लक्ष्याच्या ॲडिशनांबद्दलची, म्हणजे पदरच्या वाक्यांबद्दलची, तक्रार मी झाकणार नाही. उत्तरार्धात त्या वाढल्या, लेखकाचं वाक्य शोधावं लागायचं. मी तेव्हा तसं छापलं होतं, त्यावर वाचकांची शिव्यांची पत्रं आली. तरीही ॲडिशन घेताना तो समोरच्याला पाडत नसे, हेही त्याच लेखात होतं. ते कुणी वाचलं नाही. हल्लीच्या छोट्या पडद्यावरच्या विनोदात सगळेच ॲडिशन घेतात, सगळेच विदूषक, आणि हसायला पगारी परीक्षक बसवलेले. न हसणारा माणूस पात्रयादीतूनच गेला.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं लक्ष्याच्या आठवणींचा कार्यक्रम केला. बॅकस्टेजला उभं आयुष्य काढलेल्या एका वृद्ध कलावंतालाही बोलावलं होतं. त्यानं ‘टूरटूर’च्या तालमीपासून सुरुवात केली, १९८३ साल, पुरुषोत्तम बेर्डेंचं नाटक, साहित्य संघात नोकरी करत छोटी कामं करणारा एक पोरगा. त्या पोरानं स्टेजवर एन्ट्री घ्यायच्या आत सूत्रसंचालिकेनं हसत माइक काढून घेतला, कारण पुढे गाण्याचा आयटम होता. ते गृहस्थ आता बोलत नाहीत, ऐकू येत नाही म्हणतात.

‘टूरटूर’च्या कलाकारांची ती बस तर रिकामीच होत चालली. विजय चव्हाण २०१८मध्ये उतरले, विजय कदम २०२४मध्ये. प्रशांत दामले अजून धावताहेत, साडेबारा हजार प्रयोग तर त्यांनी २०२२मध्येच ओलांडले, त्यांना बसून बोलायला वेळ कुठला.

म्हणून आता विनंती वाचकांना. तुमच्यापैकी पुष्कळांनी ही नाटकं पाहिली आहेत. दादरला, ठाण्याला, सांगलीला, मडगावला, जत्रेतल्या कनातीतही. जुनी तिकिटं, जाहिरातींची कात्रणं, ध्वनिफिती माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. आणि एका पोस्टकार्डावर एवढंच लिहून पाठवा: कुठलं थिएटर, कुठलं साल, थिएटर कुठे कोसळलं, आणि त्या क्षणी लक्ष्याच्या समोर कोण उभं होतं. पत्ता अंकाचाच. वहीची बरीच पानं अजून कोरी आहेत.