विहिरीच्या अंधारातले आयसोपॉड

बिदर जिल्ह्यातील कोहिनूरच्या आसपास विहिरींचे पाणी काळ्या बेसाल्टच्या भेगांतून झिरपते, तर दक्षिणेला कलबुर्गी ओलांडून गेल्यावर ते शहाबादी फरशीच्या चुनखडकात मुरते. अशा गोड्या भूजलात जगू शकणाऱ्या प्राण्यांत आयसोपॉड, म्हणजे खेकडा आणि कोळंबी यांच्या कवचधारी वर्गातील लहान जीव, अभ्यासकाला विशेष मोलाचे वाटतात. कुंडी उचलताच दिसणारे आणि स्पर्श होताच अंगाची गोळी करणारे राखाडी जीव हे त्यांचेच जमिनीवरचे भाऊबंद होत.

ओळखीचा पहिला नियम सोपा वाटतो: आयसोपॉडचे शरीर वरून चपटे असते, तर ॲम्फिपॉड या जवळच्या गटातील प्राण्यांचे दोन्ही बाजूंनी चेपलेले. मात्र भारतातील विहिरींतून मिळालेल्या फ्रिॲटोइसिड या आयसोपॉडांचे अंग लांबट आणि बाजूंनीच चेपलेले असल्यामुळे हा नियम नेमका तेथेच फसतो, आणि भिंग घेऊन प्राण्याच्या पोटाकडे वळावे लागते. आयसोपॉड पोटाखालच्या पानासारख्या उपांगांनी श्वसन करतो, ॲम्फिपॉडचे कल्ले छातीच्या पायांच्या मुळाशी असतात. शेवटाकडची यूरोपॉड नावाची उपांगे आयसोपॉडला एकाच जोडीची, ॲम्फिपॉडला सहसा तीन जोड्यांची असतात. आयसोपॉड कात टाकतानाही मागचा अर्धा भाग आधी सोडतो आणि पुढचा नंतर.

१९५० साली चोप्रा आणि तिवारी या अभ्यासकांनी वाराणसीच्या विहिरींतून निकोल्सिया काशिएन्सिस या आंधळ्या फ्रिॲटोइसिड प्रजातीची नोंद केली, आणि २०११ मध्ये आंध्र प्रदेशातील भूजलातून आंध्राकॉइडिस शाबुद्दीन ही त्याच कुळातील प्रजाती वर्णिली गेली. या कुळाचे इतर सदस्य पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि टास्मानियात आहेत. मादी अंडी छातीखालच्या पिशवीत वाहते, पिल्ले तेथूनच आईबापांसारख्या रूपात बाहेर पडतात, आणि पाण्यावर वाहत दूर जाणारी अळी-अवस्था त्यांना नसते. समुद्र ओलांडणे अशा प्राण्याला अशक्यप्राय असल्यामुळे भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच गोंडवन भूखंडाचे भाग होते तेव्हापासून हा वंश भूमीबरोबर वाहत आला, हेच स्पष्टीकरण सर्वांत पटणारे आहे.

असे जीव शोधण्याच्या दृष्टीने कोहिनूरच्या बेसाल्टइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष शहाबादच्या चुनखडकाकडे द्यायला हवे, कारण पाण्याने विरघळून त्यात जोडलेल्या पोकळ्या तयार होऊ शकतात. पण बोअरवेलच्या उपशाने पातळी खाली गेली की पोकळ्या कोरड्या पडतात, आणि पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या या प्राण्याला दूरच्या दुसऱ्या पाण्यात जाण्याची वाट उरत नाही. म्हणूनच आड उपसताना गाळात पांढुरका, डोळे नसलेला जीव दिसला तर तो फेकून न देता अल्कोहोलमध्ये जपून ठेवावा आणि आडाचे ठिकाण व खोली सोबत लिहून ठेवावी.