आर्गसी शून्य असेल तर?

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस सी भाषेवर काय बोलणार, असं काहींच्या मनात असेल. आम्ही आयुष्यभर एकच काम केलं: गृहीत धरलेलं काय आणि सिद्ध झालेलं काय, हे वेगळं काढणं. आज तेच करायचं आहे.

सी प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा मेन फंक्शनच्या हाती दोन गोष्टी येतात. आर्गसी म्हणजे किती शब्द आले ती संख्या. आर्गव्ही म्हणजे त्या शब्दांकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरांची रांग. रांगेत शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं नाव, पहिल्या जागेपासून आपण दिलेले शब्द. पुस्तकं इथे थांबतात.

आता प्रमाणग्रंथ, म्हणजे सी भाषेचं मानक, काय वचन देतं ते पाहू. आर्गसी ऋण नसेल. रांगेच्या शेवटी, आर्गसीव्या जागी, नल पॉइंटर असेल. आणि आर्गसी शून्याहून मोठा असेल, तर शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं नाव असेल. तेही रिकामं असू शकतं. त्या 'तर'कडे लक्ष द्या. आर्गसी शून्यही असू शकतो!

आपण शेलमध्ये टाइप करतो तेव्हा नाव आपोआप येतं, म्हणून आपल्याला वाटतं की ते नेहमीच येणार. पण शेल हा एक सवयीचा मध्यस्थ आहे, नियम नव्हे. दुसरा प्रोग्रॅम एक्झेक-व्ही-ई या कॉलने आपल्याला सुरू करताना रिकामी रांग देऊ शकतो.

हा शब्दच्छल नाही, बरं का. लिनक्सवर पीके-एक्झेक नावाचा प्रोग्रॅम आहे. तो रूटच्या अधिकाराने चालतो. त्यातलं लूप एकपासून सुरू व्हायचं. आर्गसी शून्य आला की लूप फिरायचंच नाही, पण मोजणीचा आकडा एकवरच राहायचा, आणि पुढचा कोड आर्गव्हीची पहिली जागा वाचायचा. ती जागा रांगेच्या बाहेर होती. लिनक्सवर आर्गव्हीला लागूनच एन्व्हायर्नमेंटची रांग असते. म्हणजे वाचलं जायचं ते तिथलं, आणि पुढे लिहिलंही जायचं तिथेच. त्यातून साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवता येत. २००९ पासूनची ही चूक जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली. त्याच वर्षी लिनक्स कर्नलच्या ५.१८ आवृत्तीपासून रिकाम्या रांगेत एक रिकामी स्ट्रिंग घातली जाऊ लागली. पण पोर्टेबल प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एका कर्नलच्या चांगुलपणावर विसंबू नये.

मग करायचं काय? आर्गव्हीला हात लावण्याआधी आर्गसी तपासायचा. 'वापर असा करा' हा संदेश छापतानाही, कारण तिथेच आपण बेधडक शून्यावी जागा छापतो.

दुसरं, लांबी. शब्द किती मोठा असेल याचं वचन कुणीच दिलेलं नाही. ठरावीक आकाराच्या बफरमध्ये स्ट्रिंग-कॉपीने ओतू नका. एस-एन-प्रिंटएफ वापरा, आणि परत आलेली किंमत बफरच्या आकाराशी ताडून पाहा. नाहीतर शब्द तुटला हे कळणारच नाही.

तिसरं, संख्या. ए-टू-आय फंक्शनला कोणी आकड्यांऐवजी अक्षरांत 'दहा' दिलं, तर ते शून्य देतं. खरोखर शून्य दिलं, तरी शून्यच! संख्या इंटमध्ये मावत नसेल, तर काय होईल हे मानक सांगतच नाही. म्हणून स्ट्र-टू-एल वापरावं. आधी एरनो शून्य करा. नंतर तीन प्रश्न विचारा: एक तरी अंक वाचला का, वाचन स्ट्रिंगच्या शेवटापर्यंत पोचलं का, आणि एरनो ई-रेंज झाला का. लाँगमधून इंटमध्ये नेताना मर्यादा पुन्हा तपासा. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा, तर विंडोजवर ३२ चाच असतो.

चौथं, आलेला शब्द प्रिंटएफला फॉरमॅट म्हणून कधीही देऊ नका. फॉरमॅट आपला, शब्द त्यांचा.

आपल्याकडे मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःप्रमाण असतं. बाधा येईपर्यंत ते खरं माना. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरवावं लागतं. रोजच्या जगण्यात मीमांसकांशिवाय चालत नाही. दर पावलाला जमीन तपासत कोण चालेल? पण बाहेरून आलेल्या शब्दापुढे सी प्रोग्रॅमरने नैयायिकच असावं. पीके-एक्झेकमधलं गृहीतक बारा वर्षांहून अधिक काळ बाधेविना टिकलं, आणि तरीही ते खोटंच होतं.

पुढच्या वेळी एन्व्हायर्नमेंटच्या रांगेकडे वळू.