मान वर झाली, जमीन दिसेना
कणा आणि आपण : लेखांक ११

मागच्या लेखात काकांना आपण ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचवलं होतं. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका तालुक्याच्या गावी शिंपीकाम करतात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या आजारात त्यांच्या पाठीचे आणि मानेचे मणके हाडाने एकमेकांना जोडले गेले. जोडले जाता जाता मान पुढे झुकत गेली आणि हनुवटी छातीला टेकली. समोरच्याचा चेहरा पाहायचा तर त्यांना भिंतीला टेकून, गुडघे वाकवून सगळं अंगच मागे न्यावं लागे. नऊ वर्षं दुकानातली गिऱ्हाइकं ते चपलांवरून ओळखत होते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयसीयूत गेले तेव्हा ते उताणे पडून वर बघत होते. "मॅडम, पंखा," एवढंच म्हणाले. इतकी वर्षं तीन उशा रचून, अर्धवट बसून झोपलेला माणूस. बाहेर आल्यावर मी काकूंना हे सांगितलं तर त्या तिथेच बाकावर बसल्या.

घरच्यांना वाटतं, मान सरळ झाली, म्हणजे काम झालं. आता महिनाभर पडून राहिलं की माणूस पूर्वीसारखा. हा समज मला फार जपून मोडावा लागतो. सर्जनने मान सरळ केली ती काही तासांत. त्या सरळ मानेनिशी जगायला शरीराला, डोळ्यांना आणि घरालाही शिकावं लागतं, आणि त्याला कित्येक महिने जातात.

काकांचं हाड कापलं ते मानेचा सातवा मणका आणि पाठीचा पहिला मणका यांच्या जोडावर. जागा विचारपूर्वक ठरलेली असते. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मणक्यांतल्या धमन्या बहुतेकांत सहाव्या मणक्यापासून हाडाच्या भोकांत शिरतात, त्यामुळे सातव्याशी त्या वाटेत येत नाहीत. मज्जारज्जूलाही तिथे थोडी जास्त मोकळीक असते. अमेरिकेतल्या मार्शल युरिस्ट यांनी १९५८ साली असं ऑपरेशन प्रसिद्ध केलं आणि पुढे टोरांटोच्या एडवर्ड सिमन्स यांनी ते रुळवलं. त्या काळी रुग्णाला खुर्चीवर बसवून, फक्त जागा बधिर करून, तो जागा असतानाच मान उचलत. बोटं हलतात का, हे त्यालाच विचारत. नंतर कित्येक महिने डोक्याच्या कवटीला स्क्रूंनी बसवलेली कडी आणि छातीला प्लास्टर. ही कडी मुळात पोलिओने मानेचे स्नायू गेलेल्या रुग्णांसाठी कॅलिफोर्नियात जॅकलिन पेरी आणि व्हर्नन निकेल यांनी १९५९ मध्ये पुढे आणली. आज पूर्ण भूल असते, मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर सतत पाहिले जातात, आणि आतले स्क्रू व सळ्या मान धरून ठेवतात. तरी रोज सकाळी मी आधी बोटंच हलवायला सांगते.

त्याला कारण आहे. मानेत मणके सात, पण मज्जातंतूंच्या जोड्या आठ. आठवी जोडी नेमकी या कापलेल्या जागेतून बाहेर पडते आणि करंगळीच्या बाजूची संवेदना व मुठीची पकड सांभाळते. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "करंगळी झोपल्यासारखी वाटते." शिंप्याच्या बाबतीत हे ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. सर्जनना लगेच कळवलं, तपासणी झाली. पकड शाबूत होती, फक्त बधिरपणा होता, आणि तो पुढच्या दोन महिन्यांत उतरला. काही रुग्णांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक खांदा उचलेनासा होतो. तो पाचव्या जोडीचा त्रास, बहुतेकांचा काही महिन्यांत भरून येतो. मात्र असं काही नव्याने जाणवलं तर 'ऑपरेशन झालंय, एवढं चालायचंच' म्हणून गप्प बसायचं नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता गिळण्याबद्दल. यावर मी थोडं लांबण लावणार आहे, कारण घरच्यांच्या मायेतून इथेच धोका होतो. घोट घेताना आपण नकळत हनुवटी किंचित खाली घेतो, त्याने श्वासनलिकेचं तोंड झाकायला मदत होते. मान वर स्थिर झालेल्या माणसाला ते जमत नाही. काकू पाण्याचा पेला घेऊन निघाल्या होत्या, मी त्यांचा हात धरला. पाणी सर्वांत सोपं असं आपल्याला वाटतं, पण पातळ पदार्थ घशातून झर्रकन उतरतो आणि सावरायला वेळच देत नाही. स्पीच थेरपिस्टने तपासून परवानगी दिल्यावर आम्ही सुरुवात केली ती नाचणीच्या दाट आंबिलीने, मग वरणात कालवलेला गुरगुट्या भात. ताठ बसवून, लहान चमच्याने, एक घोट पूर्ण उतरल्यावरच दुसरा. ठसका लागला किंवा गिळल्यावर आवाज ओला, घोगरा आला की थांबायचं. ज्यांचं ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूने होतं त्यांना घसा दुखणं आणि आवाज बसणं हे काही आठवडे राहू शकतं. पण ऑपरेशननंतर गळा फुगू लागला आणि श्वास अडकू लागला तर एक मिनिटही थांबायचं नाही, ओरडून सिस्टरला बोलवायचं.

ऑपरेशननंतर मानेला कॉलर लावतात. तिचं दुखणं काकांच्या बाबतीत वेगळंच निघालं. हनुवटी छातीपासून सुटल्यावर खालची कातडी पहिल्यांदा उजेडात आली. फिकट, सुरकुतलेली, लहान बाळाच्या मानेच्या वळीसारखी मऊ, आणि घामाने जागोजाग लाल झालेली. नऊ वर्षं तिला ना वारा लागला होता ना वस्तरा. आणि कॉलरची कड नेमकी तिथेच टेकणार! अशा कातडीला दोन दिवसांत जखम होते. मग रोज काकांना उताणं ठेवून, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने कॉलरचा पुढचा भाग काढायचा, ओल्या फडक्याने पुसून टिपून कोरडं करायचं, आत धुतलेल्या मलमलीचा पदर घालायचा आणि कॉलर परत लावायची. मलमल दुकानातूनच आली. काकूंनी हाताने धावदोरा घालून चार तुकडे शिवून आणले. कॉलर किती आठवडे, हे सर्जन एक्स-रे पाहून ठरवतात. काकांना बारा आठवडे होती.

उभं राहणं हा पुढचा टप्पा. कुशीवर सबंध अंग एका ओंडक्यासारखं वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, हाताच्या रेट्याने उठायचं. एवढं काका पटकन शिकले. पण उभे राहिले आणि ओरडले, "मागं पडतोय!" आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. इतकी वर्षं ते पुढे लोंबत होतं, आणि त्याचा तोल सांभाळायला काकांचं शरीर गुडघे वाकवून, कंबर मागे काढून उभं राहायला शिकलं होतं. आता डोकं धडावर आलं, पण पायांना ते ठाऊकच नव्हतं. वॉकर धरून, मागे मी, असे आम्ही वॉर्डाच्या व्हरांड्यात रोज फेऱ्या मारल्या.

आणि मग ते कोपऱ्यातल्या पायरीशी अडखळले. पायरी त्यांना दिसलीच नव्हती.

हे आधी सांगून ठेवायला हवं होतं आणि मी पुरेसं सांगितलं नव्हतं. कणा सबंध जोडलेल्या माणसाची मान वर होते ती कायमची. आधी फक्त जमीन दिसायची, आता जमीन दिसत नाही. उंबरठा, ओली मोरी, दारातल्या चपला, ताटातली आमटीची वाटी, सगळं नजरेच्या खाली जातं. या आजारात हाड ठिसूळही असतं, एका पडण्यात ते मोडू शकतं. म्हणून काका घरी जाण्याआधी आम्ही घराची तयारी केली. उंबरठ्यावर पिवळी पट्टी, न्हाणीघरात दांडी, रात्रीचा दिवा, चपला स्टुलावर, जेवण जमिनीवर न मांडता टेबलावर आणि टेबलावरही ताट एका डब्यावर उंच ठेवून.

म्हणूनच चांगला सर्जन ऑपरेशनआधी विचारतो, तुम्ही काम काय करता? मान अगदी काटकोनात सरळ केली तर रस्त्यावर चालायला छान, पण हातातलं काम दिसत नाही. त्यामुळे अनेकदा चेहरा जाणूनबुजून दहा ते वीस अंश खाली झुकलेला ठेवतात. काकांचा तसाच ठेवला होता. एका नातेवाइकाने मला तक्रारीच्या सुरात विचारलं, "पूर्ण सरळ का नाही केली?" मी त्यांना म्हटलं, "काकांना सुई दिसायला हवी ना."

तरी सुई दिसत नव्हतीच. गावातल्या सुताराने मशिनचं टेबल सहा इंच उचललं आणि पुढे थोडं कलतं केलं. पाय मग पायट्यापर्यंत पोचेना, म्हणून मशिनला मोटर बसवली आणि तिचं पेडल फळीवर चढवलं. पँटचं माप घ्यायला खाली वाकणं आता पुतण्याकडे.

हाड जुळायला मात्र तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागतं. स्क्रू आणि सळ्या हा तोवरचा टेकू. हाड जुळलंच नाही तर वारंवार ताण पडून सळई थकते आणि मोडते. निकोटीन हाडाचा रक्तपुरवठा आवळतं, म्हणून तंबाखू पूर्ण बंद. इथे बायकांना मी वेगळं विचारते, कारण "तंबाखू नाही हो, फक्त मिश्री लावते" हे उत्तर मी कितीदा ऐकलंय. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आणि केशकर्तनालयात दाढीनंतर मान मोडून देतात, तिथे तर या रुग्णांनी मानेला हातही लावू देऊ नये, ऑपरेशनच्या आधीही आणि नंतरही.

तिसऱ्या आठवड्यात भेटायला येणारे कमी झाले आणि काका गप्प झाले. दोन खांद्यांच्या मध्ये सतत ओढ लागायची, झोप तुटायची. तेव्हा गोळीइतकाच उपयोग झाला तो रोज संध्याकाळी शेजाऱ्यासोबत देवळापर्यंत चालत जाण्याचा. पहिल्यांदा पायरीशी थांबले. आठवडाभराने कळस बघून आले.

साडेचार महिन्यांनी ते तपासणीला आले. एक्स-रेत हाड धरलेलं दिसत होतं. हातात कापडी पिशवी होती, तिच्यातून त्यांनी मलमलीचे डझनभर तुकडे काढले. कॉलरच्या आकाराचे, दुपदरी, वॉर्डातल्या पुढच्या रुग्णांसाठी. मशिनवर बसल्यावर पहिल्यांदा हेच शिवलं म्हणाले. एक तुकडा त्यांनी डोळ्यांसमोर उंच धरला आणि कडेवरून बोट फिरवत मला दाखवला. "शिवण बाहेरच्या अंगाला घेतलीय मॅडम. काकूची आत होती, ती टोचायची."

(पुढील आठवड्यात : लहान मुलांची वाकडी मान)