दम लागणे आणि दम धरणे

आपल्या मराठीत ‘दम’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. घाट चढताना आपल्याला दम लागतो, आणि घाई करणाऱ्याला आपण म्हणतो, “अरे, जरा दम धर.” लागतो तो दम शरीराचा आणि धरायचा तो मनाचा. आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्यात ह्या दोन्ही दमांची गाठ पडते. खेळाचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी पळायचे, तेही लागोपाठ, अशी ही तिहेरी शर्यत आहे.

पण आधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका हायस्कुलाच्या क्रीडामहोत्सवाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. भर दुपारची वेळ. आठवीतला एक मुलगा पंधराशे मीटरच्या शर्यतीत सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत त्याची पावले वेडीवाकडी पडू लागली. आम्ही सगळे खुर्च्यांवरून उठून ओरडत होतो, “थांबू नकोस! थांबू नकोस!” ओरडणाऱ्यांत मीही होतो. मुलगा रेषेपलीकडे गेला आणि कोसळला. त्याला सावलीत नेले, अंगावर पाणी ओतले, डॉक्टरांकडे पाठवले. सुदैवाने तो संध्याकाळपर्यंत बरा झाला. टाळ्या झाल्या, बक्षीसही मिळाले. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. मी त्या पोराला ओरडून सांगितले ते बरोबर होते का? कुठवर दम धरावा आणि कुठे थांबावे, हे त्याला कोणी शिकवले होते? आणि मला तरी ते कुठे येत होते?

त्याच सुमारास, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी ट्रायथलॉनचा सराव सुरू केला. ह्या प्रश्नाचे उत्तर मला थोडे पुस्तकांत आणि बरेचसे स्वतःच्या पायांत सापडले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

हा खेळ फार जुना नाही. अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात मिशन बे येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली. तीत ४६ जण उतरले होते. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर ‘आयर्नमॅन’, म्हणजे लोहपुरुष, ही लांब पल्ल्याची शर्यत झाली. तिची कल्पना जॉन कॉलिन्स ह्या नौदल अधिकाऱ्याची. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणे! पंधरा जण निघाले, बारा जण पोहोचले. पहिला आला गॉर्डन हॅलर, पावणेबारा तासांनी. सन २००० मध्ये सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ह्या खेळाला स्थान मिळाले. तेथील अंतरे पुष्कळ कमी, दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर. आपल्या बाजूला गोव्यात २० ऑक्टोबर २०१९ रोजी ‘आयर्नमॅन’च्या निम्म्या अंतराची शर्यत झाली. नोकरी-धंदा, घर-शेत सांभाळून ह्या शर्यतींत उतरणारे हौशी खेळाडू आता महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. आणि खरे पाहता विहिरीत पोहणारी, सायकलवरून शाळेला जाणारी, बांधावरून पळणारी आपली मुले ह्या तिन्ही विद्या थोड्याफार शिकलेलीच असतात.

आता शरीराची बाजू पाहू. नवशिका पहिली चूक करतो ती रोज जीव तोडून पळण्याची. वास्तविक सरावाचा मोठा भाग, पाचांतले चार दिवस म्हणा ना, सावकाशीचा असावा. सावकाश म्हणजे किती? त्याला घड्याळ लागत नाही. पळता पळता तेराचा पाढा न तुटता म्हणता आला, की वेग बरोबर समजावा. पाढा मध्येच तुटू लागला, की वेग जास्त झाला. अशा सावकाश सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि प्राणवायू वापरण्याची त्यांची शक्ती सुधारते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दम काही आठवड्यांत वाढतो. पण हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मजबूत व्हायला महिनेच्या महिने लागतात. छाती म्हणते “चल”, आणि गुडघा म्हणतो “थांब”. मी छातीचे ऐकले. दोन महिन्यांत पळण्याचे अंतर तिप्पट केले, आणि गुडघा धरून सहा आठवडे घरी बसलो. कॉलेजचा जिना चढताना मुले बाजूला होऊन म्हणत, “सर, सावकाश!” हेच दोन महिने आधी कोणी म्हणायला हवे होते. शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत, हे मी तेव्हा शिकलो. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पेरल्यावर रोज माती उकरून पाहिली तर पीक येत नाही.

ह्या खेळाची आणखी एक अडचण आहे. तासभर सायकल मारून उतरावे आणि पळू लागावे, तर पाय लाकडाचे वाटतात. ते आपलेच आहेत हे पटत नाही. म्हणून सायकलनंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे पळण्याचा जोडसराव करतात. त्याला इंग्रजीत ‘ब्रिक’, म्हणजे वीट, असे नाव आहे. चार-सहा वेळा तो केला, की पायांना सवय होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे जडपण थोड्या वेळाने उतरते, हे मनाला कळते.

इंधनाचेही तसेच. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो. जोराच्या श्रमात तो दीड-दोन तासांत आटू लागतो, आणि मग माणूस एकाएकी गळून जातो. म्हणून लांबच्या सरावात दर तासाला तीसेक ग्रॅम तरी साखर पोटात जावी. एक केळे आणि गुळाचा लहानसा खडा पुरतो. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी नुसते पाणी ढोसत राहणेही घातक आहे, कारण रक्तातील मिठाचे प्रमाण घटते. सन २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांत हे प्रमाण उतरलेले आढळले.

आता मनाकडे वळू. आपण समजतो की दम लागतो तो फक्त स्नायूंना. पण २००९ मध्ये ब्रिटनमधील मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एकदा दीड तास डोके शिणवणारे काम दिले, आणि एकदा तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दमेपर्यंत सायकल मारायला लावली. माहितीपटानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोके शिणल्यावर ६४० सेकंद. हृदय आणि स्नायू यांच्या कामात त्याचे कारण सापडले नाही. फक्त तेच श्रम त्यांना अधिक जड वाटले.

शिक्षक बंधुभगिनींनो, दिवसभर पेपर तपासून संध्याकाळी पळायला निघालात आणि पाय उचलेना, तर “आपण आळशी आहोत” असे समजू नका. अंगात बळ आहे. मेंदूने किंमत वाढवून सांगितली आहे. भाजीवालीसारखाच तो. पहिला भाव सांगतो तो खरा नसतो. थोडी घासाघीस करायला जागा असते.

ही घासाघीस कशी करायची? पहिली रीत, अंतराचे तुकडे पाडणे. दहा किलोमीटरचा विचारच करायचा नाही. पुढच्या वडापर्यंत, मग पुलापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत. दुसरी रीत, स्वतःशी बोलणे. “मेलो, मेलो” म्हणण्याऐवजी “खांदे सैल, पाऊल हलके” असे काम सांगणारे शब्द म्हणावेत. तिसरी, अडचणीची रंगीत तालीम. टायर फुटले तर काय, पोटात कळ आली तर काय, हे घरी बसूनच ठरवून ठेवावे. ठरलेल्या गोष्टीची भीती निम्मी होते.

ह्या तालमीची किंमत मला समुद्राने शिकवली. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून मी विहिरीत पोहायला शिकलो. मुटका मारण्यात गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पण पहिल्या शर्यतीत समुद्रात शंभर हातही गेलो नसेन, तोच खाली तळ दिसेना, बाजूला काठ दिसेना, शेजारच्याची लाथ लागली आणि छाती धडधडू लागली. श्वास आत जातच नव्हता. हा दम कष्टाचा नव्हता, भीतीचा होता. तेव्हा सरावात ठरवलेले केले: उताणा झालो, आकाशाकडे पाहिले आणि लांब श्वास सोडत राहिलो. घेण्याची घाई केली नाही. मिनिटभरात छाती शांत झाली. होडीतला रक्षक जवळ आला. “येता का वर?” त्याने विचारले. मी मान हलवून नको म्हटले आणि पुढे निघालो. मात्र रक्षक जवळ होता, म्हणून हे जमले. नदी असो, विहीर असो, एकट्याने पोहू नये, ह्या नियमाला अपवाद नाही.

मग दम कुठवर धरायचा? हवाईच्या त्याच शर्यतीत १९८२ च्या फेब्रुवारीत ज्यूली मॉस ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी स्त्रियांत पहिली होती. शेवटची रेषा जवळ आली आणि तिचे पाय गेले. पडली, उठली, पुन्हा पडली. अगदी शेवटी कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि ज्यूली रांगत रांगत, २९ सेकंदांनी, दुसरी आली. ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहून कितीतरी लोक ह्या खेळाकडे वळले. मीही भारावलो होतो. पण ज्यूली सज्ञान होती, आपले आपण ठरवत होती. आपल्यासमोर धावणारे आठवीचे पोर आपल्या आवाजावर धावत असते. हा फरक विसरून चालणार नाही.

मला जो नियम सापडला तो साधा आहे. पाय दुखताहेत, धाप लागली आहे, कंटाळा आला आहे, तर दम धरावा. पण छातीत दुखले, चक्कर आली, तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर तत्काळ थांबावे आणि थांबवावे. उन्हात धावताना शरीराचे तापमान चाळीस अंशांपलीकडे गेले, की मेंदूच भ्रमतो. जो मेंदू “थांब” म्हणायचा, तोच बिघडलेला असतो. घाम येत असला तरी हा धोका टळत नाही. अशा वेळी गार पाण्याने अंग भरपूर भिजवावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. आणि चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

गेल्या हिवाळ्यात त्याच हायस्कुलाने मला पुन्हा बोलावले. शर्यत आता सकाळी आठला ठेवली होती. मैदानाच्या वळणावर मी आणि तेथील शिक्षक उभे होतो. ज्याचे पाऊल जड दिसेल त्याच्याबरोबर चार पावले धावायचे आणि विचारायचे, “नाव काय? फेरी कितवी?” उत्तर नीट आले तर “शाब्बास, चालू दे”, नाही आले तर हात धरून बाजूला घ्यायचे. लाल तोंड झालेल्या एका मुलीला मी विचारले, “फेरी कितवी गं?” ती म्हणाली, “तिसरी, सर. आणि आता बोलायला नका लावू, दम जातो!”

मी हसून बाजूला झालो. तिला कुठवर जायचे ते कळत होते. ती चौथी आली.